दिवाणखान्यातला जिना

मराठी नाटकातल्या घराला जिना असतो. लेखक कुणीही असो, नायक बँकेत कारकून असो नाहीतर मोठा वकील, पडदा वर गेला की एका कोपऱ्यातून पाच-सात पायऱ्या चढत जातात, वळतात आणि विंगेत दिसेनाशा होतात. समोर बसलेले आपण परळ-लालबाग-गिरगावच्या दोन खोल्यांतून, फार तर डोंबिवलीच्या वन बीएचकेतून आलेले. घरात जिना असलेला नातेवाईक शोधूनही सापडायचा नाही. तरी ते कुणाला खटकत नाही. माझी मावशी तेवढी दर नाटकाला पहिल्या पाच मिनिटांत कुजबुजायची, "केवढं मोठं घर गं यांचं! झाडू कोण मारतं?"

तो जिना जातो कुठे, हे मला कॉलेजात एकांकिकांच्या बॅकस्टेजला लागल्यावर कळले. तो कुठेही जात नाही. वळणापलीकडे दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढी फळी असते आणि तिच्या मागून खाली यायला एक लाकडी शिडी. "मी जरा पडते हं वर जाऊन" असे म्हणून गेलेल्या बाई अंधारात निऱ्या आवरत ती शिडी उतरतात आणि विंगेत ठेवलेला अर्धा कप चहा संपवतात. पुढच्या प्रवेशात त्यांना पुन्हा वरून खाली यायचे असते, तेव्हा उलटा प्रवास. शिडीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावलेली असते, ब्लॅकआउटमध्ये पाय चुकू नये म्हणून.

एवढ्या खटाटोपाचे कारण श्रीमंती दाखवणे नव्हे. कारण निव्वळ भूमितीचे आहे. रंगमंचाची दर्शनी कमान साधारण तीस फूट रुंद धरा, आणि तिथून मागच्या भिंतीपर्यंत वीस-बावीस फूट. या सपाट फळ्यांवर सहा माणसे उभी केली की पुढची माणसे मागच्यांना झाकतात, आणि खालच्या खुर्च्यांवरून तर सगळे एका ओळीत दिसू लागतात. सहा इंच उंचीच्या चार पायऱ्या चढलेला माणूस मात्र दोन फूट वर आलेला असतो. सोफ्यावर कोण बसले आहे, मध्ये कोण उभे आहे, याची त्याला फिकीर नाही. चोरून ऐकणारी सून तिथे उभी करा, कडाडणारे वडील तिथून उतरवा, रागावलेली मुलगी तिथून धावत वर पाठवा. दिग्दर्शकाला एका फटक्यात उंची, प्रवेश आणि निर्गमन मिळते. ज्या नाटकात जिना नसतो तिथे त्याची जागा लेव्हल घेते: मागच्या भागात आठ इंच किंवा फूटभर उचललेला लाकडी चौथरा. त्यावर जेवणाचे टेबल येते, देवघर येते, कधी नुसता ओटा.

आता खरी पंचाईत. मुंबईतल्या माणसाचे खरे घर रंगमंचावर आणायचे म्हटले तर? बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तीस बाय वीसचा रंगमंच धरला तर तो 600 चौरस फूट झाला. म्हणजे चाळीतल्या जवळजवळ चार खोल्या एका रंगमंचावर मावतात. चाळीच्या खोलीतल्या कॉटपासून मोरीपर्यंत दोन पावले असतात, आणि त्या दोन पावलांतच त्या घराचे सगळे नाट्य असते. माणसे एकमेकांना आपटल्याशिवाय वळू शकत नाहीत, सासऱ्यांना दिसल्याशिवाय सून कपडे बदलू शकत नाही. हेच घर तीस फुटांवर पसरले की माणसांमध्ये मोकळी जागा पडते आणि भांडणाचा जोर निम्म्यावर येतो. नटी कितीही ओरडली तरी मधले बारा फूट भरून निघत नाहीत.

यावर चांगल्या नेपथ्यकारांचे उपाय पाहण्यासारखे असतात. एक म्हणजे दोन्ही बाजूंच्या काळ्या विंगा आत ओढून कमानच अरुंद करायची. दुसरा मला जास्त आवडतो: खोली लहानच ठेवायची, मधोमध किंवा थोडी बाजूला, लेव्हलवर चढवून, आणि उरलेल्या जागेत चाळ आणायची. पुढून जाणारी गॅलरी, कठडा, शेजाऱ्याचे दार, सामाईक नळ. खोलीतले भांडण सुरू झाले की गॅलरीतली माणसे थबकतात. घराची अडचण जागेच्या अभावाने दिसते तशीच ती शेजाऱ्यांच्या कानांनीही दिसते. यात भिंती पूर्ण उभारतच नाहीत. कंबरेएवढी भिंत, वर दाराची नुसती चौकट. भिंत कुठे आहे हे प्रेक्षकाला एकदा कळले की पुढे नटाने ती पाळायची. एखादा नट घाईत त्या नसलेल्या भिंतीतून आरपार गेला की सभागृहात जी खसखस पिकते, त्यावरून कळते की लोकांनी ती भिंत किती मनावर घेतली होती.

म्हणून माझे ठाम मत असे की नेपथ्याला दाद द्यायची ती पडदा वर गेल्या गेल्या देऊ नये. आपल्याकडे सेट देखणा असला की टाळ्या पडतात. त्या टाळ्या रंगकामाला असतात, फर्निचरला असतात. सेट कसा आहे हे कळायला दुसरा अंक उजाडावा लागतो. तोवर माणसे त्यात वावरलेली असतात आणि कुणाला कुठे अडखळायला झाले, कुणाला सारखे सोफ्याला वळसा घालावा लागला, हे आपल्या नकळत आपल्याला जाणवलेले असते.

नेपथ्य कागदावर सुरू होते तेव्हा भिंतींचा रंग कुणाच्या डोक्यात नसतो. आधी जमीन आखली जाते. रंगमंचाची मध्यरेषा, कमानीची रेषा, मग दारे. माणसे कुठून येणार आणि कुठे जाणार हे ठरले की निम्मे नाटक बसले. तालमीच्या हॉलमध्ये हाच नकाशा खडूने किंवा चिकटपट्टीने जमिनीवर उतरवतात. भिंतीच्या जागी रेघ, दाराच्या जागी रेघेतली फट, सोफ्याच्या जागी तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. महिनाभर नट त्या रेघांत राहतात, आणि सेट पहिल्यांदा उभा राहतो तो बहुधा रंगीत तालमीला. त्या दिवशी सगळे जरा बिचकलेले असतात. रेघ ओलांडता येत होती, भिंत ओलांडता येत नाही.

मग येतात दृष्टिरेषा. पहिल्या रांगेतली अगदी कोपऱ्यातली खुर्ची आणि बाल्कनीतली शेवटची रांग, या दोन ठिकाणी बसलेल्या माणसांना काय दिसते, त्यावर सेट पास किंवा नापास होतो. पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला बसलेल्याला उजवीकडची भिंत आडवी येऊ नये म्हणून बाजूच्या भिंती काटकोनात न ठेवता बाहेरच्या अंगाला तिरक्या उघडतात. आपल्या घरात अशी भिंत असती तर वास्तुशास्त्रवाल्याने घरच विकायला लावले असते. बाल्कनीतल्याला मागच्या लेव्हलवरचा नट डोक्यासकट दिसला पाहिजे, म्हणून वरची झालर फार खाली सोडता येत नाही. आणि झालर वर उचलली की तिच्यामागचे दिवे पहिल्या रांगेला दिसू लागतात. या ओढाताणीत कुणाचे तरी दोन इंच जातातच.

दाराचा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो. रंगमंचावरचे दार शक्यतो बाहेर, म्हणजे विंगेच्या बाजूला उघडते, आणि त्याची बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या, मागच्या कडेला असते. त्यामुळे उघडलेली फळी नटाला झाकत नाही आणि तो आत शिरताना त्याचा चेहरा आपल्याला दिसतो. शिवाय दार आपटले की ते चौकटीवर ओढले जाते आणि भिंतीला मागून आधार लागतो. आत उघडणारे दार रागाने ढकलले की अख्खी भिंत हलते. आणि मराठी कौटुंबिक नाटकात दार रागाने आपटल्याशिवाय मध्यंतर होत नाही.

अशा तीन भिंतींच्या घराची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मराठी रंगभूमी आधी त्याशिवाय भरभराटीला आली होती हे विसरायला होते. संगीत नाटकांच्या काळात पडद्यांवर रंगवलेले राजवाडे, बागा, रस्ते असत. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या कोल्हापूरच्या भावांनी रंगवलेल्या पडद्यांची ख्याती मोठी होती. त्या पद्धतीत नाटककारालाही सुताराचा विचार करावा लागे. मागे दरबार मांडायला वेळ हवा म्हणून पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा आणि त्याच्यासमोर दोन विनोदी पात्रांना बोलत ठेवायचे. अशा कितीतरी 'रस्त्यावरच्या' प्रवेशांचा जन्म पडद्यामागच्या खुर्च्या-सिंहासनांच्या हलवाहलवीत आहे. समीक्षक त्यांना रचनेतली सैलता म्हणतात. मला ते प्रवेश वाचताना मागे सिंहासन ओढल्याचा आवाज ऐकू येतो. 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' आणले आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्याखुऱ्या दिवाणखान्यासारखा वास्तववादी सेट उभा केला. मग सगळेच घरात आले आणि बसले.

त्याहून कितीतरी मागे भरताच्या नाट्यशास्त्रात गेले तर हिशेब आणखी वेगळा. मध्यम आकाराचे आयताकृती नाट्यगृह 64 हात लांब आणि 32 हात रुंद. त्यातला अर्धा भाग प्रेक्षकांना. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग, आणि त्यातला मागचा अख्खा भाग पडद्यामागच्या नेपथ्यगृहाला. म्हणजे समोर जेवढी जागा खेळायला, तेवढीच मागे तयारीला! आजच्या कित्येक नाट्यगृहांच्या विंगांमध्ये इस्त्रीचे टेबल ठेवले की नटाला अंग चोरून जावे लागते. त्या हिशेबाने पाहिले तर भरताने बॅकस्टेजवाल्यांची बाजू जितकी घेतली तितकी नंतर कुणी घेतलेली दिसत नाही. याहून मोठे नाट्यगृह बांधू नका, आवाज विस्कटतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असेही तो बजावतो. आणि स्थळ बदलायला त्याला सुतार लागत नाही. नटाने रंगमंचावर एक फेरी मारली की तो दुसऱ्या गावी पोहोचला. तमाशातले आणि दशावतारातले लोक हे आजही करतात, ग्रंथ न वाचता.

पण आपण प्लायच्या घरात राहतो, तेव्हा प्लायकडे वळू.

सेटच्या भिंतीला फ्लॅट म्हणतात. साधारण तीन इंच रुंद आणि इंचभर जाड लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर ताणून ठोकलेला मांजरपाट किंवा पातळ प्लाय. जुन्या पद्धतीत कापडाला सरस आणि खडूच्या भुकटीचे खळ देत. ते सुकताना कापड आवळून ताठ होते आणि रंग पिऊन टाकत नाही. नुसती चौकोनी चौकट कितीही खिळे ठोकले तरी एका कोपऱ्याला धरून ढकलली की तिरकी होते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर मागून प्लायचा त्रिकोण ठोकतात. त्रिकोणाच्या बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, हे शाळेच्या भूमितीत शिकवले असेलही, मला ते पटले एका उताण्या पडलेल्या फ्लॅटमागे. उभ्या फ्लॅटला मागून टेकूही त्रिकोणीच असतो आणि त्याच्या पायावर वजन ठेवलेले असते. नाट्यगृहाच्या जमिनीत खिळा ठोकायची परवानगी असो वा नसो, वजन कुठेही चालते.

फ्लॅटचा आकार कलेने ठरत नाही. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची येते, म्हणून फ्लॅट चार फूट रुंद. ते टेम्पोत आडवे बसले पाहिजेत, नाट्यगृहाच्या मागच्या दारातून वळले पाहिजेत, दोन माणसांना उचलता आले पाहिजेत. मुंबईच्या व्यावसायिक नाटकाचा खरा वास्तुविशारद हा टेम्पो आहे, असे मला फार वाटते. दुपारी दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग आणि त्याच रात्री ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये किंवा बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरेमध्ये. एका प्रयोगाचे प्रेक्षक वडा खाऊन गाडी पकडेपर्यंत अख्खे घर मोडून, टेम्पोत भरून, ताडपत्रीने झाकून, हायवेवरच्या रहदारीत उभे असते. पावसाळ्यात ताडपत्रीला भोक असेल तर प्लाय फुगतो आणि दुसऱ्या दिवशी दार लागत नाही. मग दार लावायची ती जोरकस कृती नटाच्या भूमिकेत कायमची जाऊन बसते.

म्हणून या सेटमधली खरी कारागिरी जोडकामात असते. दोन फ्लॅटांच्या कडांवर बिजागरीचे अर्धे-अर्धे भाग बसवलेले असतात आणि मधली पिन काढता येते. पिन घातली की कोपरा तयार, काढली की दोन सुटे फ्लॅट. पूर्वी हेच काम दोरीच्या आट्यांनी होई. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर आकडे आणि बाण रंगवलेले असतात. सराईत कामगार ते आकडे बघतही नाहीत. एकजण फ्लॅट चालवत आणतो, म्हणजे खरोखर चालवत, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर, आणि दुसऱ्याचा हात पिन घेऊन आधीच तिथे असतो. रंगमंच एका ठिकाणी दोन फूट अरुंद निघाला तर कुठला फ्लॅट गाळायचा, हे नेपथ्यकाराने आधीच ठरवून ठेवलेले असते. मोठ्या नाट्यगृहाकडे बघून सेट काढणारा माणूस दौऱ्यावर रडतो. सेट नेहमी सर्वांत लहान रंगमंचावर मावेल असा काढायचा आणि मोठ्यावर विंगांनी भरून काढायचे.

रंगाबद्दल थोडेच सांगतो. सेटची भिंत एका रंगाने सपाट रंगवली की दिव्याखाली ती मेलेली दिसते. म्हणून मूळ रंगावर ब्रश झटकून दोन-तीन छटांचे शिंतोडे मारतात, एक उबदार, एक थंड. गुलाबी दिवा पडला की एक छटा उठते, निळा पडला की दुसरी, आणि संध्याकाळ झालेली भिंतीलाही कळते. भिंतीचा वरचा भाग थोडा काळपट ठेवतात, म्हणजे नजर खाली चेहऱ्यांकडे येते. स्वच्छ पांढरी भिंत नेपथ्यकारालाही नको असते आणि प्रकाशयोजनाकाराला तर त्याहून नको. तिच्या झळाळीपुढे नटाचा चेहरा दिसेनासा होतो.

आणि मग असे काही लोक होतात की ज्यांना हे सगळे पुरत नाही. 1962 साली आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरता रंगमंच आला. कोर्ट आणि लखोबाने जिथे जिथे माणसे फसवली ती ठिकाणे यांच्यात नाटक सारखे येरझारा घालते. पडदा पाडून दर वेळी सामान बदलत बसले असते तर त्या नाटकाची पकडच सुटली असती. प्रभाकर पणशीकर एकाच खटल्यातली निरनिराळी सोंगे घेत, आणि तबकडी फिरायला लागणारा वेळ हाच त्यांना वेश बदलायला मिळणारा वेळ. ही कल्पना जपानच्या काबुकी रंगभूमीवर अठराव्या शतकातच आलेली, युरोपात 1896 मध्ये म्युनिकला. फिरत्या कंपनीला तिचे तुकडे करून न्यावे लागतात. मध्ये खुंटा, त्याभोवती पाचरीसारखे भाग जोडून झालेले वर्तुळ, खाली चाके. चाके अशी बसवायची की प्रत्येकाचा रोख वर्तुळ फिरते त्या दिशेने राहील. एक चाक जरी तिरके बसले तरी ते जमिनीवर घासते आणि नाजूक प्रसंगात करकरते.

याच्या अगदी उलट टोकाला छबिलदास. दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून आविष्कार या संस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली तिथे ना कमान होती ना विंगा. सेटला पैसेही नव्हते. दोन ठोकळे आणि एक बाक यांच्यावर घर, ऑफिस, स्मशान सगळे होई. त्याआधी 1972 मध्ये पुण्याच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाने तर माणसांचीच भिंत उभी केली. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण झुलतात, गातात, पाठ फिरवतात, फुटतात आणि मागे जे चालले आहे ते दिसते. त्या भिंतीला टेम्पो लागत नाही, पण तिची तालीम करावी लागते. जुहूचे पृथ्वी थिएटर 1978 साली उभे राहिले, तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, म्हणजे बाजूच्या भिंतींचा प्रश्नच निकालात. उभी केलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी नजरेआड येते, म्हणून तिथे जमिनीवर काय आहे ते महत्त्वाचे होते. माझ्या मते नेपथ्य शिकू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी अशा जागेत काम करावे आणि मग कमानीच्या रंगमंचावर यावे. उलट क्रमाने आले की भिंतींची सवय सुटत नाही.

एकांकिका स्पर्धांतली पोरे या दोन्ही टोकांच्या मध्ये काहीतरी करत असतात. सेट लावायला मोजकी मिनिटे, स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला आयोजक, आणि लोकलच्या लगेज डब्यातून आणलेले बांबू. त्यांच्याकडची सर्वांत चांगली नेपथ्ये घडीची असतात. पलंग उभा केला की दार, आडवा केला की बोट. व्यावसायिकचे अनेक नेपथ्यकार याच स्पर्धांतून आलेले आहेत, आणि ते त्यांच्या बिजागऱ्यांवरून ओळखू येते.

हल्ली मागे एलईडीचा पडदा लावायची लाट आली आहे. निर्मात्याचे गणित समजते. दहा दृश्ये, एकही फ्लॅट नाही, गोदामाचे भाडे नाही. मुंबईत बंद पडलेल्या नाटकाचा सेट ठेवायला जागा मिळवणे हे नवे नाटक काढण्याहून अवघड आहे, त्यामुळे जुने फ्लॅट खरवडून, पुन्हा रंगवून, दुसऱ्या घरात जातात आणि रंगाच्या प्रत्येक थराबरोबर जड होत जातात. पण भिंत प्रकाश घेते आणि एलईडी प्रकाश देतो, तिथेच गडबड होते. मागचे चित्र झळाळले की पुढचा नट काळवंडतो. नटावर प्रकाश वाढवला की तो सांडून पडद्यावर जातो आणि चित्र फिकट होते. त्यावर तडजोड म्हणून नटाला पडद्यापासून लांब, पुढे आणून उभे करतात आणि वीस फुटांच्या रंगमंचातली शेवटची सात-आठ फूट जागा वाया जाते. शिवाय त्या समुद्रकिनाऱ्याला टेकता येत नाही.

मला विचाराल तर तो पडदा खिडकीपलीकडे लावावा. खिडकीची चौकट लाकडाची, गज लोखंडी, आणि त्यापलीकडे काय हवे ते दाखवा: धावती लोकल, जुलैतला पाऊस, समोरच्या टॉवरचे चाललेले काम. चौकट मध्ये असली की तो प्रकाश घरातल्या माणसांच्या मागे राहतो, त्यांच्या डोक्यावर बसत नाही. आणि अख्ख्या पार्श्वभागाऐवजी चार बाय पाच फुटांचा पडदा पुरतो, तेव्हा निर्मात्यालाही कुरकुरायला जागा उरत नाही.